झाकण नसलेली बाटली

जिममध्ये वजन उतरतं की नाही ते देव जाणे, पण किस्से मात्र चरबीसारखे चढत जातात! भिंगारच्या आमच्या लेडीज बॅचमध्ये तर रोज एक नवा. त्यातला त्या बाटलीचा किस्सा मी सहसा सांगत नाही. ऐकताना बायका हसतात आणि घरी गेल्या की आधी फ्रिज उघडून बघतात.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गुडघे दुखतात म्हणून मी जिमला जाते, आणि माझ्या सासूबरोबर जिने संसार केला तिला भुतं काय घाबरवणार!

* * *

बाटली आणली ज्योतीने. पोरगी पाथर्डीकडची, आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. ही इथे खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होती. वयात बसणारी शेवटची भरती.

"ह्या टायमाला राह्यलं की लगीन लावून देत्याल, माई," ती मला म्हणायची. "मग मी बी हाय नवऱ्यासंगं उसाच्या फडात!"

पळायला वेळ जास्त लागत होता. आमच्या ट्रेनर शबानामॅडम म्हणाल्या, वजन उतरव, रात्री सॅलड खा. झालं! बाईसाहेब नगरच्या मॉलमधून सॅलडवर ओतायच्या ड्रेसिंगची पांढरी बाटली घेऊन आल्या. वर ठळक अक्षरात 'फॅट फ्री'. जिमच्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि भातावर वरण ओतावं तशी काकडीवर ओतायची.

"ज्योते, काकडी कुठंय गं?"

"फॅट फ्री हाय माई, कितीबी घ्या!"

आम्हीही घेतली. आंबटगोड, लसणाची. छान लागली, खोटं कशाला बोलू!

* * *

महिनाभराने ज्योतीचं वजन वाढलं. शबानामॅडमनी बाटली फिरवली, नखाने किमतीच्या स्टिकरचा कोपरा खरवडला आणि बारीक अक्षरं वाचली. दुसऱ्या नंबरला साखर. मग मीठ.

"अगं, तेल काढलं आणि चवीसाठी साखर कोंबली! एवढी ओतल्यावर वजन उतरेल कसं?"

"म्हंजी आमी काकडी पाकात बुडवून खात हुतो व्हय!" मंगलताई म्हणाल्या. सगळ्या खो खो हसलो.

ज्योती हसली नाही.

"मला ती सोडवंना, मॅडम," ती हळूच म्हणाली. "पळताना बी तिचीच चव येती तोंडाला. बाटली इथं आसती, मी तिकडं ग्राउंडवर."



* * *

आता या मंगलताई. जिमला लागूनच त्यांचं घर, म्हणून किल्ली त्यांच्याकडे. पण माहेर शनिशिंगणापूरचं! बिनदाराच्या घरात वाढलेल्या बाईचा हात कडीकडे जातच नाही. जिमचं दार नुसतं लोटून घरी जायच्या. झाकणांचंही तेच. डबा असो, बरणी असो, उघडीच.

"माझ्या म्हायेरी घराला दार न्हाई, आन तुमी बाटलीच्या झाकनावरून भांडता!"

त्यामुळे बाटलीचं झाकण कधीच हरवलं होतं. एकदा ती टेबलावर तशीच राहिली. आमच्याकडे साखरेचा दाणा सांडला तरी मुंग्यांची रांग लागते. सकाळी बघते तर रांग टेबलावर चढलेली, बाटलीपासून बोटभर अंतरावर थांबून वळलेली आणि बाटलीभोवती गोल फिरत असलेली. एकही मुंगी वर चढेना.

"मुंग्यासुद्धा डाएटवर!" शबानामॅडम म्हणाल्या.

हसलो आम्ही. पण टेबल पुसलं मीच, कारण बाकी कुणी हात लावायला तयार होईना.

* * *

मी वैतागून बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती फ्रिजमध्ये! मी असा काही आवाज चढवला की मंगलताईंनी लगेच कबूल केलं, "मीच काडली. भरलेली बाटली टाकवंना मला."

मग मी ती स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत टाकली. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत उभी राहिले. मंगलताई त्या दिवशी माहेरी.

सकाळी फ्रिज उघडला. बाटली समोर. झाकण नाही, गळ्यापर्यंत भरलेली, आणि स्टिकरचा कोपरा नखाने खरवडलेला.

"ज्योते!"

"आईशप्पथ मी न्हाई, माई!" पोरगी रडायलाच लागली.

माहेरून परतलेल्या मंगलताईंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दार उघडंच आसतं की. येनारं येतं."

माझं डोकंच फिरलं. बाटली बेसिनमध्ये ओतली, कढत पाण्याने धुतली आणि कात्रीने कापून तुकडे केले. घे म्हटलं, ये आता!

* * *

त्यानंतर फ्रिज रिकामा राहिला. ज्योती काकडीवर लिंबू पिळायची, थोडा दाण्याचा कूट घालायची. वजन उतरलं, दम वाढला. ग्राउंडच्या, म्हणजे भरतीतल्या पळण्याच्या परीक्षेच्या दिवशी डबा मीच दिला. भाकरी, मोडाची मटकी, काकडी, लिंबाची फोड. बस्स.

संध्याकाळी आम्ही सगळ्या जिममध्ये वाट बघत बसलो होतो. ती धावतच आत आली.

"माई, बसलं टायमात!"

मला रडू आवरेना. शबानामॅडमनी तिला उचलून गरगर फिरवलं. मग ज्योतीने पिशवीतून माझा डबा काढला.

"समदं खाल्लं माई. पर पळायच्या आधी लई जीव घाबरा झाला. हात सारका त्या डबीकडं जायचा. न्हाई खाल्ली मी! तेवढी माघारी आनली."

"कुठली डबी?"

तिने पिशवीत हात घालून लहानशी स्टीलची डबी टेबलावर ठेवली. वर झाकण नव्हतं. डबी पांढऱ्या ड्रेसिंगने काठोकाठ भरलेली. दिवसभर बुटांबरोबर पिशवीत हिंदकळली, पण बाहेर एक थेंब नाही. लसणाचा आंबटगोड वास सुटला.

मी डब्याबरोबर डबी दिलीच नव्हती. ज्योतीचा चेहरा पांढराफटक पडला.

मंगलताई उठल्या. माझ्या डब्याचं झाकण घेऊन डबीवर घट्ट दाबून धरलं आणि ज्योतीला म्हणाल्या, "धर. सोडू नको."

मग दाराशी गेल्या आणि कडी सरकवू लागल्या. कधी लावलेलीच नव्हती, गंजून बसली होती.

"माई, हात लावा की जरा!"

गुडघे दुखतात म्हणून जिमला येणारी मी, पळत गेले.