कोरी म्हणून दाखवलेली डिस्क

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाशिकच्या फुलबाजारात गेलो की ते प्रकरण मला आजही सांगावं लागतं.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. एका फोटो स्टुडिओतून कॉम्प्युटर चोरीला गेला. त्यात लोकांच्या लग्नांचं शूटिंग होतं, सीडी काढायच्या राहिल्या होत्या. तपास थंडावला होता. अशात झेंडू विकणारी एक बाई ठाण्यात आली. तिची मुलगी लग्नानंतर काही महिन्यांतच तापाने गेली होती.

"साहेब, बाजारात एक जन इचारतो, पोरीची शूटिंग पायजे का? मला तिचा आवाज ऐकायचाय. लय दिस झाले."

साध्या वेशातला हवालदार तिच्या पाटीशेजारी बसवला. सापडला तो स्टुडिओचाच रिपेअरवाला. घरझडतीत कॉम्प्युटर मिळाला, पण चालू केला की नुसता काळा पडदा. डिस्क काढून ठाण्यातल्या कॉम्प्युटरला जोडली, तर तीही रिकामी दिसली.

"माझाच जुना आहे साहेब. डिस्क कोरी आहे."

माझे वडील भाजीबाजारात हमाल होते. घासाघीस मी तिथेच शिकलो. रिकामी पाटी घेऊन कुणी गिऱ्हाईक शोधत नाही.

"कोरी ना? मग ठाण्याला कामाला येईल. हवालदार, फॉरमॅट मारा."

हवालदाराचा हात कीबोर्डवर गेला आणि रिपेअरवाला ओरडला, "साहेब, नको! सगळं जाईल!"

मग बोलू लागला. सुरुवातीच्या सेटिंगमधून त्याने डिस्क बंद केली होती. शिवाय तिच्यावरचे पार्टिशन, म्हणजे कप्पे, नव्या पद्धतीचे केले होते. ती पद्धत ठाण्यातल्यासारख्या जुन्या कॉम्प्युटरला वाचताच येत नाही. त्या बाईला बोलावून पंचांसमोर नव्या कॉम्प्युटरला डिस्क जोडली आणि शूटिंग सुरू झालं. हळदीची नवरी कॅमेऱ्याकडे बघून हसत काहीतरी बोलली. बाईने हंबरडा फोडला.

मी तिच्यासाठी कॉपी मागितली. वरिष्ठ म्हणाले, "मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय हात लावायचा नाही."

"मग हुकूम मागवा!" मी टेबलावर हात आपटला. माझा अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे गेलाच नाही. डिस्कला लाखेचं सील लागलं. आरोपीला शिक्षा झाली, तपासाचं बक्षीस वरिष्ठांनी घेतलं. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही.

मुद्देमाल ठेवायच्या मालखान्याचं छप्पर पावसाळ्यात गळायचं. खटला संपून डिस्क सुटली तेव्हा तिला गंज चढला होता. जोडली की टकटक करायची आणि गप्प व्हायची. खूप ठिकाणी दाखवली, उपयोग झाला नाही.

गुन्हा उघड झाला म्हणजे फिर्यादीचं गेलेलं परत मिळालं, असं नवीन असताना मला वाटायचं. या प्रकरणानंतर तसं वाटेनासं झालं.

बाजारात ती बाई अजून बसते. मला पाहिलं की हाराची सुतळी बाजूला ठेवते.

"साहेब, मी तवा रडत व्हते, मला काय ऐकू आलं नाय. काय म्हनली व्हती वो ती?"

मी दर वेळी सांगतो. "म्हणाली, आई, पदर सावर. शूटिंग चालू आहे."

ती पदर सावरते.