अण्णांची पन्नास पावलं

माझे सासरे, अण्णा, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी जाडी मोजायचा व्हर्नियर बाळगत. पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेली. न्यूझीलंडला, अप्पर हटमध्ये आमच्याकडे सहा महिने राहायला आले, तरी मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा माझ्या पोळीचीही जाडी घेतली. "काठाला जास्त भरतेय," म्हणाले. मी आठवडाभर धुसफुसत होते.

कुंपणापलीकडे ग्रॅम राहायचा. सत्तरीचा, एकटा. त्याच्याकडे वडिलांची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजानं ठासायची, बार एकच मिळणार. तिनं मारलेलं हरीण दर रविवारी मुला-सुनेसोबत खाणं, एवढंच त्याचं घरपण उरलं होतं. मग सून गरोदर राहिली. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात राहतात, म्हणून तिनं त्याच्या ताटाला हात लावणं सोडलं. ग्रॅमनं शिशाऐवजी बिस्मथ आणि कथलाची गोळी जुन्याच साच्यात ओतली, तर ती नळीत अर्ध्यावर अडकली. नशीब, आत दारू नव्हती. तो गजावर हातोडी घालू लागला तसे अण्णा अंगणातून ओरडले, "अगं, सांग त्याला, ठोकू नको म्हणावं! ठोकून बसवलं ते बसलं नव्हे!"

तेव्हापासून मी दुभाषी झाले. गोळी निघायला दोन दिवस लागले. अण्णांनी जुनी-नवी शेजारी ठेवून मोजली. शिसं निवताना आकसतं, हे मिश्रण फारसं आकसत नाही. शिवाय कडक, गजाखाली दबत नाही. "मला काय विचारतोस? नळीला विचार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नळीला लहान साचा हवा होता आणि गोळीभोवती जाड कापड. ग्रॅमकडचं कापड फाटत होतं. अण्णा आत गेले आणि स्वतःचा मांजरपाटाचा लेंगा कापून घेऊन आले.

केकच्या पाकिटावर अंडं शोधणारा हा माणूस! माझ्या लेकीला, सईला, राहवेना. "आजोबा, बट ही विल किल अ डिअर विथ दॅट!"

अण्णा लेंग्याच्या कापडाच्या गोल चकत्या कापत होते. म्हणाले, "तो मारणारच आहे, बाळा. गोळी वाकडी गेली तर जनावर तीन दिवस पाय ओढत मरेल. ते मला नको."

ग्रॅमनं नेमबाजीच्या मैदानावर कागदाचं निशाण लावून बार काढले. पन्नास पावलांपर्यंत गोळ्या बशीएवढ्या जागेत पडल्या, पुढे पांगल्या. "पन्नासच्या पुढे चाप ओढायचा नाही. वचन दे म्हणावं." ग्रॅम हसला, "स्वीट ॲज." म्हणजे, चालेल की. अण्णा हसले नाहीत. त्यानं हातावर हात देईपर्यंत त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

त्या हंगामात ग्रॅम रिकाम्या हातानं परतला. "ऐंशी पावलांवर उभं होतं, भलं थोरलं," तो कुरकुरला. "पण तुमच्या हातावर हात दिला होता ना!" त्या दिवशी अण्णांनी स्वतः चहा करून त्याला दिला. मला त्यांचा फार अभिमान वाटला, पण बोलले मात्र नाही. ते राहूनच गेलं.

अण्णा पुण्याला परतले ते आजारीच पडले. पुढच्या हंगामात एका रविवारी ग्रॅम कुंपणाशी आला, डोळे भरलेले. बाळाला मांडीवर घेऊन सुनेनं त्यानं मारलेल्या हरणाचं मांस दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. मी लगेच पुण्याला फोन लावला.

"किती पावलं?" अण्णांनी विचारलं.

"अडतीस."

"एकाच बारात?"

"जागेवरच पडलं."

अण्णा म्हणाले, "सून जेवली ना? बरं झालं."

त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत, हे नणंदेनं मागाहून सांगितलं. औषधापुरतं दूध घेतलं. तिनं फारच धरलं तेव्हा म्हणाले, "एक जीव गेलाय. माझ्या मापानं गेलाय."

दोन महिन्यांनी अण्णा गेले. मी कुंपणाशी जाऊन ग्रॅमला सांगितलं, त्या उपासाचंही सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि आत गेला.

रविवारी त्याची सून बाळाला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी. "ग्रॅम आज काहीच खात नाहीये," ती म्हणाली. "तुला काही माहीत आहे का?"