चार्जरला केलेला फोन

आमच्या रस्त्यावर ताडपत्री शिवणारं एकच दुकान आहे, ते ताईंचं. माझं दोरखंडाचं दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. ताडपत्री आणि दोर ही एकाच गाडीची दोन चाकं, त्यामुळे आमची गिऱ्हाइकं एकच आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत काढलेल्या दुपारीही एकच. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे, ऐकीव नाही.

ताईंचं मशीन काळ्या लोखंडाचं आहे. सुई खिळ्यासारखी जाड, दोरा मेण लावलेला. दुहेरी ताडपत्रीतून सुई पार जाते तेव्हा खाड् असा आवाज होतो आणि माझ्या फळीवरची दोराची गुंडाळी हलते. दुकानात रबराचा आणि मेणाचा वास. ताईंच्या उजव्या तळव्याला चामड्याची पट्टी बांधलेली असते, ती जेवतानाच सुटते. त्यांचं बोलणंही जाड सुईचं. टोचतं खरं, पण त्यांनी घातलेला टाका कधी उसवत नाही.

आई गेली तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ शाळेत होता. याच मशीनवर बसून ताईंनी त्याला वाढवला, आणि त्यात स्वतःचं लग्न कधी राहून गेलं ते त्यांनाही कळलं नसावं. मिशा फुटल्या तसा भाऊ ट्रकवर गेला. पहिल्या खेपेला निघताना ताईंनी विचारलं, "कधी येशील?"

तो म्हणाला, "ताई, एवढा एक प्रश्न सोडून काहीही विचार. कधी येतोस हे मालक विचारतो, हमाल विचारतो, नाक्यावरचा शिपाई विचारतो. तू तरी नको विचारूस."

"नाही विचारणार," ताई म्हणाल्या. झालं. टाका पडला.

तेव्हापासून ताईंनी विचारलं नाही आणि भावाने सांगितलं नाही. रस्त्याच्या तोंडाशी हॉर्न दोनदा वाजला की समजायचं, आला. अंघोळ, जेवण, घटकाभर पाठ टेकणं, की निघाला. ताई त्याला नावाने हाक मारत नाहीत. म्हणतात, "पाहुणा आला बघा, दोरवाले. पाय धुवायला पाणी द्या."

अशाच एका खेपेला पाहुण्याने बंदराच्या गावाहून एक हेलिकॉप्टर आणलं. हातातल्या रिमोटवर उडणारं, पण पोरांचं खेळणं नव्हे. त्याचं पातं फिरलं की पसारा दारापेक्षा रुंद. शेपटी मोडलेली होती म्हणून कुणीतरी देऊन टाकलेलं. ताईंनी शेपटी सांधली, आणि वखारीमागच्या मोकळ्या मैदानात दोघं भावंडं ते उडवायला शिकली. पडलं की उचलायचं, सांधायचं, पुन्हा वर. हळूहळू ताईंचा हात असा बसला की हेलिकॉप्टर डोक्याच्या उंचीवर, खिळा ठोकून टांगल्यासारखं, एका जागी उभं राहायचं. भाऊ ते उलटं करायचा, गिरकी घ्यायला लावायचा. ताई ओरडायच्या, "अरे पाड, पाड! सांधायला मी आहेच फुकटची." आणि तो हसायचा.

या दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, हे मला त्या मैदानात कळलं. घरात जेवताना "वाढू का" आणि "बास" याच्या पलीकडे शब्द नाही. पण मैदानात दोघं खांद्याला खांदा लावून वर पाहत उभी राहिली की भावाच्या तोंडून सगळं यायचं. कुठला घाट खचलाय, कुठे डोळा लागता लागता वाचला, एका ढाब्यावरची मांजर कशी त्याची गाडी ओळखते. वर बघत बोललं की माणसाला अवघड वाटत नाही. ताई हूं हूं करत ऐकायच्या. बॅटरी संपली की गप्पा संपल्या.

म्हणून बॅटऱ्या. ताईंकडे तीन होत्या, साबणाच्या मोठ्या वडीएवढ्या. त्या भरणारा चार्जर जुना, लहान. एक बॅटरी भरायला सकाळची दुपार व्हायची. पाहुणा कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा ताईंनी त्यांच्या रीतीने तोडगा काढला. तीनही बॅटऱ्या कायम काठोकाठ भरलेल्या ठेवायच्या. जरा उतरल्या की पुन्हा लावायच्या. ताडपत्रीच्या दुकानात ठिणगी पडली तर घर राहायचं नाही हे त्या जाणून होत्या, म्हणून मागच्या दारी, फरशीवर, लोखंडी घमेल्यात ठेवून भरायच्या. घरातला रांजण भरलेला, पिठाचा डबा भरलेला, तशा बॅटऱ्याही भरलेल्या. येणाऱ्यापुढे रिकामं भांडं ठेवायचं नाही, हे त्यांच्या आईचं वळण.

पण ही जात वेगळी. या बॅटऱ्या उडवल्याशिवाय भरलेल्याच पडून राहिल्या की आतून नासतात. ताईंच्या तिन्ही बॅटऱ्या उशीसारख्या फुगल्या. त्यांना वाटलं, चांगल्या भरल्यात.

मग एका खेपेला हेलिकॉप्टर वर गेलं आणि भाऊ नुकता बोलायला लागला होता. "ताई, मालकाने नवा रस्ता धरलाय, बाहेरून जाणारा. आता इकडे यायचं म्हणजे गाडी मुद्दाम वळवावी..." तेवढ्यात वरचा आवाज बसला. पातं मंदावलं आणि हेलिकॉप्टर खडीवर आदळलं. भावाने ते उचललं, फुगलेली बॅटरी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "राहू दे ताई आता. म्हातारं झालं हे." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पण वळवायची ती कशासाठी, हा प्रश्न खडीवर पडला होता आणि तो आम्हा तिघांनाही दिसत होता.

ताईंनी हेलिकॉप्टर सांधलं. मग दुकानाला कुलूप लावून मला म्हणाल्या, "चला. तुम्हाला रेडिओवाल्याची ओळख आहे ना?"

रेडिओवाला आमच्या चौकात रेडिओ दुरुस्त करतो आणि असल्या उडत्या वस्तूंचं सामानही ठेवतो. त्याने बॅटरी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ताई, हिला काय बाळंतपणाला आणलंय? किती दिवस भरून ठेवली होती?"

"कायम."

"कायम? अहो, या अर्ध्या भरून ठेवायच्या. उडवायच्या आधी पूर्ण करायच्या आणि नाही उडवल्या तर पुन्हा अर्ध्यावर आणायच्या."

"अर्धं भांडं आमच्या घरात ठेवत नाहीत," ताई म्हणाल्या.

"मग दर खेपेला नव्या घ्या. माझं काय जातंय?"

ताईंनी फुगलेली बॅटरी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "माणूस अंघोळ करून जेवून उठेपर्यंत अर्ध्याची पूर्ण करणारा चार्जर आहे?"

आहे म्हणाला. त्याने चकचकीत डबा काढला. पुढे छोटा पडदा, बाजूला बारीक तारांचा झुपका. बॅटरीच्या पोटात सहा कप्पे असतात, हा प्रत्येक कप्पा वेगळा मोजून सारखा भरतो. भरतो तसा अर्ध्यावर उतरवतोही. जुन्यापेक्षा कितीतरी जोरदार. ताईंनी तो हातात घेऊन कापड पारखतात तसा सगळीकडून पाहिला. "हाच द्या."

"आणि पॉवर सप्लाय? हा भिंतीला थेट लागत नाही. भिंतीतली वीज उतरवून याला देणारा डबा मधे लागतो. तोही तेवढ्याच ताकदीचा—"

"आहे घरी. जुन्या चार्जरचा."

"तो चालेल का बघायला—"

"अहो, डबा तो डबा. वीज तीच ना? एक विकायला बसलात की दुसरं गळ्यात मारायचं, हे मलाही जमतं. मीसुद्धा ताडपत्रीबरोबर यांचा दोर खपवते."

मी हसलो. रेडिओवाल्याने खांदे उडवले. त्या वेळी मी हसण्याऐवजी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर बरं झालं असतं, पण गिऱ्हाइकाची जिरवलेली पाहायला दुकानदारालाही आवडतं आणि दुकानदाराची पाहायला तर सगळ्यांनाच.

चार्जरबरोबर घेतलेल्या तीन नव्या बॅटऱ्या अर्ध्या भरूनच आल्या होत्या. ताईंनी चार्जर फडक्यात गुंडाळून ठेवला. वापरून पाहिला नाही. नव्या भांड्यातलं पहिलं पाणी पाहुण्याला.

बरेच दिवसांनी हॉर्न वाजला. भाऊ अंघोळीला गेला आणि ताईंनी मागच्या दारी घमेलं मांडलं. जुना काळा डबा भिंतीला, डब्याला नवा चार्जर, चार्जरला बॅटरी. जोर पूर्ण लावला. पडदा उजळला, पंखा घुमला आणि पुढच्या क्षणी चार्जर टीं टीं करत थांबला. पुन्हा लावला, पुन्हा टीं टीं. ताईंनी जोर कमी केला तेव्हा कुठे तो मुकाट चालला. पण मग जुन्यापेक्षा फार वेगात नाही. भाऊ जेवला, पाठ टेकून उठला, तरी पडद्यावरचा आकडा गोगलगायीसारखा.

"काय झालं ताई?"

"काही नाही. होतंय."

शेवटी त्यांनी अर्ध्या बॅटरीवरच उडवलं. दुधाची तहान ताकावर. दोन फेऱ्या झाल्या आणि उतरवावं लागलं. भाऊ म्हणाला, "आता तो घाट आहे ना..." आणि घड्याळाकडे पाहिलं. चहा अर्धा टाकून तो गाडीत चढला. ताईंनी विचारलं नाही. तोच म्हणाला, "पुढच्या खेपेचं बघू."

'बघू' हा शब्द दुकानदाराला चांगला कळतो. बघू म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

ताईंनी त्या दिवशी मशीन चालवलं नाही. माझ्या फळीवरची गुंडाळी हलली नाही तेव्हा मी डोकावलो. त्या काळा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "दोरवाले, त्या माणसाने सांगितलं होतं. मीच त्याचं तोंड शिवलं."

"चला मग परत."

"कोणत्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

रेडिओवाल्याच्या दुकानात ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. काळा डबा, चार्जर आणि एक बॅटरी फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. आता सांगा."

तो भला माणूस. हसला नाही. म्हणाला, "ताई, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चार्जर म्हणजे पोहरा. तुम्ही पोहरा मोठा घेतला, पण आड हा एवढासा. मोठ्या पोहऱ्याने एकदम ओढलं की याचा तळ लागतो, म्हणून चार्जर ओरडतो. चार्जर जेवढं ओढू शकतो, त्याहून थोडं जास्तच देणारा सप्लाय हवा."

त्याने पत्र्याची जड पेटी काढली. मागे पंखा, जाड तारा. तिथेच जोडून दाखवलं. या वेळी ताईंनी प्रत्येक तार स्वतः काढून पुन्हा लावली. चार्जर पूर्ण जोरावर चालला आणि ओरडला नाही. पडद्यावरचा आकडा डोळ्यांदेखत चढत होता.

"तरीसुद्धा," रेडिओवाला म्हणाला, "एकेक बॅटरी व्हायला अर्ध्या तासाच्या आत-बाहेर धरा. तीन असतील तर येणाऱ्याला म्हणावं, आधीच्या मुक्कामावरून एक फोन कर. तो पोहोचेपर्यंत सगळं तयार."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी दिलेला शब्द याला माहीत नव्हता, मला माहीत होता.

वाटेत पेटी मी धरली होती, चार्जर त्यांच्याकडे. दुकानाशी आल्यावर कुलूप न उघडताच त्यांनी फोन काढला आणि भावाला लावला. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. पलीकडून घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला, "काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? ऐक. नवी पेटी आणलीय. बॅटऱ्या आता अर्ध्या ठेवायच्या असतात. तू निघालास की भरायला लावाव्या लागतात, नाहीतर परवासारखं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे फोन करावा लागतो."

पलीकडून ट्रकच्या इंजिनाची घरघर तेवढी.

"ताई, तू म्हणाली होतीस विचारणार नाहीस म्हणून."

"मी कुठे विचारते? मला नकोच करूस फोन," ताई म्हणाल्या. "चार्जरला कर."

तो हसला की नाही ते मला ऐकू आलं नाही. ताईंनी फोन ठेवला आणि कुलपाशी किल्लीची बरीच झटापट केली. किल्ली चुकीची होती.

मग दिवस गेले. मी ताईंकडे पाहायचो नाही आणि त्या फोनकडे पाहायच्या नाहीत. एका सकाळी सुई खाड् खाड् चालली होती ती मधेच थांबली.

"ताई," स्पीकरवर लावलेल्या फोनमधून भिंतीपलीकडे आवाज आला, "चार्जर आहे का घरी?"

"आहे. काय निरोप देऊ?"

"सांग, नदीच्या पुलावर पोहोचलोय म्हणून. आणि सांग, वाटेत गाडी वळवायला जागा बघून ठेवलीय."

ताईंनी चामड्याची पट्टी सोडली. जेवायला अजून वेळ होता. मागच्या दारी घमेलं मांडल्याचा आवाज आला, मग पेटीचा पंखा. मी बाहेर येऊन पाहिलं तर वारा सुटला होता. रस्त्यावरचे कागद उडत होते आणि माझ्या दुकानावरची ताडपत्री फडफडत होती. असल्या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडत नाही, हे मलासुद्धा कळतं.

"ताई," मी मागच्या भिंतीवरून डोकावून म्हणालो, "आज काही उडायचं नाही."

"माहीत आहे. त्यालाही दिसत असेल वारा."

"मग भरताय कशाला? पुन्हा अर्ध्यावर आणावी लागेल."

"आणीन. चार्जर आणतो ना अर्ध्यावर," ताई म्हणाल्या आणि दुसरी बॅटरी उचलली.