पिठातले दोन अंगठे

ती घटना आठवली की मला आधी पीठ दिसते. वास्तविक ते मी पाहिलेलेच नाही. मी त्या गावात पोचलो, तोवर ते तापीत सोडून बरेच दिवस झाले होते.

इंग्रजी अमलातली गोष्ट. मी नंदुरबार भागात फौजदार होतो. तापीकाठच्या गावचा एक शेतकरी तक्रार घेऊन ठाण्यात आला. बाप वारला त्या दुपारी तो बैल बघायला नदीपलीकडे तळोद्याच्या बाजारात गेला होता. निरोप मिळून होडीने परतला तेव्हा दिवस मावळत होता. दहावे उरकल्यावर धाकट्या सावत्र भावाने मृत्युपत्र बाहेर काढले. बापाने स्वतः कमावलेली सगळी काळी जमीन धाकट्याला, आणि ह्याला नदीकाठची बाभळीची पट्टी, जी दर पुरात थोडी थोडी वाहून जाते. कागदाची तारीख मरणाच्या आठ दिवस आधीची. दोन पाने, दोन्हींवर बापाचा अंगठा.

जुन्या खरेदीखतावरचा अंगठा मागवून मी तो तज्ज्ञाकडून ताडून घेतला. ठसा बापाचाच निघाला. मी थोरल्याला सांगितले, बापाने पक्षपात केला तर पोलीस काय करणार, दिवाणी कोर्टात जा. बायकोपोरांसह त्या बाभळीत जायची पाळी त्याच्यावर आली होती. तो दाराशी थांबून एवढेच म्हणाला, "मन्हा बाप असा नई व्हता, सायेब." मी मान वर केली नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात त्या गावचा पोलीस पाटील हजेरीला आला आणि जाता जाता एक गोष्ट बोलला. तिकडे माणूस जिथे प्राण सोडतो तिथे पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघतात. पाखराचे पाऊल उमटले असेल तर जीव पाखराच्या जन्माला गेला म्हणायचे. ह्या घरात टोपली उचलली तेव्हा पाटील स्वतः हजर होता.

"पाय नव्हतात, सायेब. आंगठा व्हतात. दोन, जोडे जोडे." त्याने दोन बोटे शेजारी शेजारी धरून दाखवली.

मृत्युपत्र निघाल्यावर गावाने त्या अंगठ्यांचा अर्थ लावला, की म्हातारा अंगठा परत मागतो आहे. त्या घरचे पाणी लोकांनी सोडले. माझ्या जमादाराने खिडकी लावून घेतली, भर दुपारी. मेलेली माणसे ठाण्यात वर्दी देत नाहीत, असे मी त्याला दरडावले. पण मनात आले, की मग ही वर्दी कोणा जिवंत माणसाची आहे, आणि ती अंगठ्याबद्दल आहे. म्हाताऱ्याचा अंगठा शेवटी कोणाच्या हातात होता?

प्रेताला आंघोळ गावच्या न्हाव्याने घातली होती. त्याला बोलावून सरळ विचारले. त्याने आपली धोकटी जवळ ओढली.

"डावा आंगठाले काळी शाई व्हती. मी राखोडी लाईसन घासा, तरी निंघनी नई."

आधी का बोलला नाहीस, असे विचारले तर म्हणाला, माले कोनी इचारंच नई. आठ दिवसांपूर्वीची शाई शेतकऱ्याच्या बोटावर टिकत नाही. मी मॅजिस्ट्रेटकडून तपासाचा हुकूम घेतला आणि ते मृत्युपत्र लिहिणाऱ्याला ठाण्यात आणले.

त्याला मारझोड केली नाही. टेबलावर ज्वारीच्या पिठाचे ताट ठेवले आणि मी माझी डायरी लिहीत बसलो. थोड्या वेळाने बघतो तर त्याने स्वतःचा अंगठा मुठीत दाबून धरला होता. मग तो आपणच बोलू लागला. "हात गार झाला होता, साहेब. पहिल्या पानाला जमलं. दुसऱ्या पानाला बोट वळेना. धाकट्याने दार लावलं आणि जोर करून वळवलं."

धाकट्याला अटक झाली, पुढे शिक्षा झाली. जमीन दोघांत सारखी वाटली गेली. पिठात अंगठा कोणी उमटवला, हे शोधायची खटल्याला गरज नव्हती. ते मला निकालानंतर कळले.

थोरल्याच्या घरी खटल्यात घेतलेले कागद परत द्यायला गेलो होतो. तिथे म्हातारी विधवा बसली होती, तुरुंगात गेलेल्या धाकट्याची सख्खी आई. थोरल्याने तिला आपल्याकडे आणले होते. ती आपणहून म्हणाली, की नवऱ्याचा अंगठा कागदावर दाबताना तिने चुलीजवळून पाहिले होते.

"मन्हा पोरना इरोधमा तोंड कसं उघाडू? म्हनीसन मी पीठमा आंगठा दाबा."

कोर्टात तिला उभे करावे लागले नाही, ह्याचे मला बरे वाटले. नोकरीत मी हजारो अंगठे घेतले. ठसा खरा म्हणजे कागद खरा, हा माझा समज त्या घराने मोडला. त्यानंतर मी ठशाआधी हाताची चौकशी करू लागलो.

मी उठलो तशी म्हातारीने मला थांबवले. दोन पानांचा कागद होता, हे तिला ठाऊकच नव्हते. पहिल्या अंगठ्यानंतर पोराने दार लावले होते.

"मी एकच दाबा व्हता, सायेब," ती म्हणाली. "दुसरा कोना?"