अण्णांचं जांभळं कमळ

आमच्या सासऱ्यांइतका झाडवेडा माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याच्या सुनेनंही माझ्यासारखेच हात टेकले असतील. अख्खं मंद्रूप त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही. मयतीला गेले तरी परतताना धोतराच्या सोग्यात एखादी फांदी असायचीच. "अण्णा, लोक काय म्हणतील?" म्हटलं तर म्हणायचे, "अगं, माणूस गेला, झाड तरी ऱ्हाऊ दे की." आणि आणलेलं वाटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. चहाला आलेला पाहुणा मोगऱ्याचं रोप घेऊनच सुटायचा. दूधवाला एकदा नको म्हणाला, तर त्याला दोन मिळाली.

एकदा कुणाच्या तरी लग्नाहून एस.टी.त मांडीवर तांब्या धरून आले. तांब्यात फुगीर देठांचं, पाण्यावर तरंगणारं रोप, वर जांभळा तुरा. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून अण्णांनीच बारसं केलं, 'जांभळं कमळ'. महादेवाला दर सोमवारी ताजं फूल मिळावं म्हणून ते त्यांनी देवळामागच्या तळ्यात सोडलं, आणि तुरा आला तेव्हा गावाला हाताला धरधरून दाखवायला नेलं. ह्याला जलपर्णी म्हणतात हे शेतीखात्याच्या साहेबानं सांगितलं, पण फार उशिरा.

वर्ष उलटायच्या आत तळं दिसेनासं झालं. पाण्यावर नुसती हिरवी सतरंजी. खाली ऊन पोचेना, मासे उलटे होऊन वर आले, पाण्याला वास सुटला आणि डासांचं तर विचारूच नका. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, बैल धुवायला नेले, तर जमीन समजून एक खोंड सरळ आत गेला. त्याला दोर लावून ओढून काढताना माणसांना घाम फुटला. अण्णांना कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर त्यांना सोसलं असतं. रोज सकाळी ते कमरेएवढ्या पाण्यात उतरून उपसायचे, पण तुटलेला तुकडासुद्धा वाहत जाऊन नवा संसार मांडायचा. पाहुणे आमच्याकडून रिकाम्या हातानं जाऊ लागले.

मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. तळं आटलं, चिखलाला भेगा गेल्या आणि जांभळ्या कमळाचा पाचोळा झाला. गाव खडी फोडायला जात होतं, आणि अण्णा कोरड्या तळ्यात उभे राहून ती पानं पायानं चुरत होते. घरी येऊन जेवायला बसले आणि ताट बाजूला सारलं.

"पोरी, समदं गाव पाण्यासाठी रडतंय, आन् मला आत कुटंतरी बरं वाटलं. लई वंगाळ माणूस हाय मी."

एरवी त्यांना ऐकवायला माझ्याकडं शंभर गोष्टी असायच्या. त्या दिवशी मी नुसतं ताट पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं.

पुढच्या वर्षी तळं भरलं. गावानं नारळ फोडला, अण्णा सगळ्यांच्या मागं उभे होते. आणि चिखलात निजलेलं बी जागं झालं. तुरे पुन्हा आले. एका सोमवारी तळ्यावर धुणं धुणाऱ्या म्हातारीनं एक खुडून त्यांच्या हातात ठेवला. "घ्या अण्णा. हाय तर हाय. म्हादेवाला तरी वाहा."

जन्मभर रोपं वाटत आलेल्या माणसाला ते फूल घेताना मान वर करता येईना. देवळाच्या पायरीपर्यंत गेले आणि तसेच घरी आले. "त्याचंच तळं खाल्लं की ह्यानं. त्यालाच कसं वाहू?" मी ते त्यांच्या हातातून घेऊन चुलीत घातलं. ओलं फूल, लवकर जळेना. पूर्ण जळेपर्यंत अण्णा चुलीपुढून उठले नाहीत.

मोगरा त्या वर्षीही बहरला होता. त्याची रोपं मग मीच वाटत राहिले, अण्णा आतल्या खोलीत गेले की.