विहिरीच्या कोपऱ्यावरचा हादगा

खुरपणीला बायका ओळीनं बसल्या, की पहिली पात आक्काबाईची. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. पण श्रीगोंद्याच्या पूर्वेला, कॅनॉलचं पाणी जिथं पोचत नाही त्या खडकवस्तीवर ते पंधरा वर्षं चाललेलं होतं. वस्तीवर घरं आठ. कुणाला तीन एकर, कुणाला चार, आणि सगळ्यांच्यात मिळून एक विहीर. मजूर लावायची कुणाची ऐपत नाही, म्हणून सावड. आज तुझ्या रानात सगळ्या, उद्या माझ्या रानात सगळ्या. मजुरी द्यायची नाही, जिच्या रानात काम तिनं दुपारचं जेवण घालायचं, बस्स.

या सावडीची म्होरकी आक्काबाई. कुणाचं रान आधी, कुणाचं मागनं, ते ती सांगणार. हात असा चालायचा, की बाकीच्या बायका अर्ध्या पातीवर असताना ही बांधावर जाऊन तंबाखूची मिश्री लावत बसलेली. आणि तिच्या घरचं जेवण म्हणाल तर तिची आमटी. तुरीचीच, पण तिला हिंगाची फोडणी. वस्तीवर हिंग एकट्या तिच्या घरात. वर्षाकाठी नगरहून एक खडा यायचा, तो ती पितळी डबीत ठेवायची आणि डबी उतरंडीच्या वरच्या गाडग्यात. आमटी उकळली की वास पार वस्तीच्या टोकाला, छबूबाईच्या खळ्यापर्यंत जायचा. मग आक्काबाई दारात उभी राहून कोण कोण नाक वर करतंय ते बघायची. बाईला एवढंच सुख होतं आणि ते तिला पुरत होतं.

त्यात आली बनुबाई.

ही पुंजारामची बायको. पुंजाराम म्हणजे आक्काबाईच्या नवऱ्याचा, रंभाजीचा, चुलत भाऊ. तेव्हा ही चुलत जाऊ. माहेर शनिशिंगणापूरच्या अंगाला, पानमळेवाल्यांच्यात. पानवेलीला चढायला हादगा नाहीतर शेवरी लावतात, त्यामुळं या झाडांची हिला उपजतच माहिती. बाई बोलायला मऊ, चालायला मऊ, काम मात्र रेटून करणारी. सत्तर सालच्या आषाढात माहेराहून येताना तिनं पदराच्या गाठीत हादग्याचं बी आणलं, गोठ्यामागं वाफा करून रोपं केली आणि सावडीच्या जेवणात हळूच विषय काढला. म्हणाली, बांध सगळ्यांचेच उघडे पडलेत, पावसाच्या पाण्यानं माती वाहून चाललीय. जशी खुरपणी सावडीनं करतो तशी झाडंही सावडीनं लावू. एकेक दिवस एकेकीचा बांध. रोपाशेजारी जुनं मडकं पुरायचं, बुडाच्या भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी थेंबथेंब मुरतं, जिची पाळी तिनं मडकी भरायची. पाला जनावराला, फुलं भाजीला, वाळलेलं चुलीला. आणि नियम एकच, पाला तोडायचा तो सगळ्यांनी मिळून, पाळीनं, प्रत्येक झाडाला दोन फांद्या राखून. जिचं एक जरी झाड असेल ती त्या पाळीत.

बायकांनी माना डोलावल्या. छबूबाई तर जेवता जेवता म्हणाली, हे आपल्याला आजवर कसं सुचलं नाही गं. ते ऐकलं आणि आक्काबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं सावड चालवली तिनं, आणि सुचलं कुणाला, तर काल आलेल्या बाईला. तिनं ताट बाजूला सारलं. बांध जायला-यायला असतो, झाडाच्या सावलीत बाजरी पिवळी पडती, आन् घराला दार नसलेल्या गावच्या बाईनं आमाला रान राखायला शिकवू नये, असं तोंडावर सांगून ती उठली. तिच्या वाट्याच्या रोपांना ती शिवलीही नाही.

आता खरं सांगायचं, तर सावलीनं बाजरी थोडी दबते हे खोटं नाही. पण आक्काबाईला बाजरीची काळजी कुठं होती. तिला बनुबाईचं सगळंच डाचत होतं. तिचं हसू, तिचं हळू बोलणं, बायकांनी तिला विचारायला जाणं. सकाळी विहिरीवर गेली की सात बांधांवर सात रांगा हिरव्या दिसायच्या आणि मधे तिचा एकटीचा बांध बोडका. रंभाजीनं एकदा भीत भीत म्हणून पाहिलं, की आपणही चार रोपं लावू. तिनं असं बघितलं, की त्या माणसानं पुन्हा झाडाचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. छबूबाईच्या रानात खुरपणी होती. आक्काबाईला यायला जरा उशीर झाला, गायीच्या पायात काटा गेला होता तो काढत बसली होती. येऊन बघते तो पहिल्या पातीवर बनुबाई. कुणी मुद्दाम बसवलं नव्हतं, पहिली आली म्हणून बसली. आक्काबाईला बघून ती लगेच उठायला लागली, तर शेजारच्या पातीवरची दगडाबाई म्हणाली, बस गं, पातीला काय नाव लिव्हलंय. झालं. आक्काबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. डोकं दुखतंय म्हणून ती तिथूनच मागं फिरली आणि त्या दिवसापासून सावडीला गेली नाही. आपलं रान ती आणि रंभाजी दोघंच खुरपायची. कंबर मोडायची, पण कुणाला हाक मारली नाही. कुणी बोलवायला आलं तर आतून खोकायची.

आणि नेमकं तिच्या रानाला लागून, विहिरीच्या कोपऱ्यावर, बनुबाईनं लावलेला एक हादगा होता. पाझराची जागा, त्यामुळं सगळ्यांत जोरात तोच वाढला. दोन वर्षांत दोन पुरुष उंच. पांढऱ्या फुलांनी लवायचा. आक्काबाई दारात उभी राहिली की समोर तोच. तिला वाटायचं, हा मुद्दाम इथं लावलाय, माझ्या डोळ्यांपुढं, मला खिजवायला.

बहात्तरच्या उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी वस्ती सगळी श्रीगोंद्याला गेली होती. रंभाजीसुद्धा. आक्काबाई एकटी. ती उठली, उतरंडीवरची डबी काढली. झाडाला भोक पाडून हिंग भरला की झाड मरतं, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. मेखेनं खोडाला भोक पाडलं, उरलेला सगळा हिंग त्यात कोंबला, वरून ओल्या मातीनं लिंपलं. हाताला वास राहिला तो राखेनं घासला. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. हादगा आपला हिरवागार, उलट नवी पालवी फुटलेली. मग मात्र तिचा संयम सुटला. पुढच्या बाजारी विळा घेऊन गेली आणि बुंध्याची साल वीतभर रुंद गोल सोलून काढली. सोलताना तिला काय बरं वाटलं म्हणून सांगू. घरी येऊन ती पोटभर जेवली.

महिन्याभरात झाड वाळलं. बायका जमल्या, हळहळल्या. दगडाबाई आक्काबाईच्या दाराकडं बघून काहीतरी पुटपुटली. बनुबाई खाली बसली, सोललेल्या जागेवरून हात फिरवला, लिंपलेल्या मातीवरून फिरवला, आणि उठून म्हणाली की वाळवी लागली असेल. पुरलेलं मडकं तिनं उकरून काढलं आणि घरी नेलं. आक्काबाई आडून बघत होती. भांडण होईल म्हणून ती पदर खोचून तयार होती, दोन दिवस मनात उत्तरं जुळवत होती. भांडण झालंच नाही. तेही तिला लागलं.

मग तो दुष्काळ पडला. एकाहत्तरचा पाऊस असातसाच होता, बहात्तरचा आलाच नाही. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढायला लागली. माणसाचं कसंतरी भागत होतं, जनावराचं भागेना. कडबा संपला. माळावर कुसळसुद्धा राहिलं नाही. दर बाजारी गावोगावच्या जनावरांचे कळपच्या कळप जायचे आणि कुणाचं जनावर परत यायचं नाही.

आक्काबाईची गाय कपिली. माहेरच्या गायीच्या पोटची, लग्नानंतर कैक वर्षांनी बापानं दावणीचं दावं तिच्या हातात दिलं होतं. बाप गेला, भाऊ विचारेनासे झाले, माहेराचं म्हणून एवढंच उरलं होतं. कपिली गाभण होती. पौषात ती बसली की उठेना. रंभाजी आणि आक्काबाई दोन बाजूंनी पोटाखाली गोणपाट घालून तिला उभी करायचे. आणि समोर त्या सात बांधांवर बनुबाईचे हादगे उभे होते, मडक्यांच्या पाण्यावर जगलेले, रोडावलेले पण हिरवे. दर तिसऱ्या दिवशी सात जणी मिळून पाला तोडायच्या, पाळीनं भारा घरी न्यायच्या. सात घरांतलं एकही जनावर बाजारात गेलं नव्हतं.

आक्काबाई दारात बसून ते बघायची. मागायला गेली असती तर पाला मिळाला असता, हे तिला कळत होतं. पण बनुबाईपुढं पदर पसरायचा म्हटलं की पाय उंबऱ्याच्या बाहेर पडायचा नाही. तिच्या गाई जगतात आणि माझी मरते, हे एक दुःख; आणि तिच्या जिवावर माझी जगली तर ते त्याहून मोठं. चार दिवस ती या दोहोंच्या मधे जळत राहिली. शेवटी रंभाजी म्हणाला, दारात मरण्यापरीस बाजारात नेऊ. तिनं स्वतःच दावं सोडलं.

वाट विहिरीवरून जायची. सात जणी तिथं पाल्याचे भारे बांधत होत्या. कपिली पाल्याच्या वासानं थांबली आणि पुढं पाऊल टाकेना. आक्काबाईनं दावं ओढलं, शेपटी पिळली. गाय हलली नाही. सगळ्यांसमोर अशी शोभा झाली. तिनं मान वर केली नाही.

बनुबाईनं एक भारा उचलला आणि गायीपुढं सोडला. दगडाबाईला राहवलं नाही. तिनं विचारलं, हिचं कुठल्या बांधावर झाड आहे म्हणून पाळी द्यायची, नियम तूच केलास ना.

"कोपऱ्यावरचं झाड तिचं हुतं," बनुबाई म्हणाली. "तिच्या वाट्याच्या रोपांतलं चांगलं बघून मीच लावलं, तिच्या रानाला लागून. तवा सांगितलं असतं तर त्याच दिवशी उपटलं असतं तिनं. झाड वाळवीनं खाल्लं, त्याला ती काय करनार? पाळी हाय तिची."

गाय पाला खात होती. आक्काबाईच्या हातातलं दावं कधी गळून पडलं ते तिला समजलं नाही. रोज सकाळी दारात उभं राहून ज्याला शिव्याशाप दिले, ते झाड तिचं होतं. आपल्याच हातानं आपलंच सोललं.

बायका पांगल्यावर ती बनुबाईजवळ गेली. मग एकदम म्हणाली, "तुला ठाव हुतं."

"पयल्याच दिशी," बनुबाई भाऱ्याची गाठ आवळत म्हणाली. "आक्का, तुमच्या हिंगाचा वास अख्ख्या वस्तीला ठाव हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते, तर तुमी सावडीत कवाच आला नसता."

खरं म्हणजे आक्काबाईनं इथं रडायला पाहिजे होतं, पाया पडायला पाहिजे होतं. तसं काही झालं नाही. आतून तिचा नुसता जळफळाट झाला. काम हिचं पुढं, शहाणपण हिचं पुढं, आणि आता मोठेपणातही हीच पुढं. माझ्यासाठी काही ठेवशील का नाही, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण कपिली खात होती. आक्काबाईनं पाल्याचा भारा डोक्यावर घेतला, दावं धरलं आणि घरी गेली.

कपिली जगली. फाल्गुनात व्याली, कालवड झाली. आणि त्र्याहत्तरला पाऊस बरा लागला तसं आक्काबाईनं बनुबाईच्या दारात जाऊन, तिच्याकडं न बघता, बी मागितलं. बनुबाईच्या बांधावर वीस हादगे होते. हिनं सव्वीस लावले. वर रंभाजीला ताकीद दिली, की एक जरी मेलं तर बघ. बनुबाईनं एक मडकं भरलं की ही दोन भरायची. पुढं आयुष्यभर हिनं तिच्याशी अशीच चुरस केली. खडकवस्तीचे बांध आज गर्द आहेत, ते निम्मे बनुबाईच्या शहाणपणानं आणि निम्मे आक्काबाईच्या हेव्यानं. हे तीच म्हातारपणी सांगायची, आणि सांगतानाही तिचा सूर कडूच असायचा.

पण त्र्याहत्तरला ती सावडीत परत आली, त्या वर्षीची तिच्या रानातली सावड राहिली सांगायची. तीन वर्षांनी तिच्या घरी बायका जेवायला बसल्या. सकाळी पहिली पात मोकळी ठेवून सगळ्या बसल्या होत्या, ती तिनं घेतली होती. आमटी वाढली. छबूबाईनं भुरका मारला आणि थांबली. बाकीच्याही एकमेकींकडं बघायला लागल्या. आमटीत हिंग नव्हता. रंभाजीनं पाऊस लागल्यावर नगरहून नवा खडा आणला होता, पण आक्काबाईनं डबी उघडलीच नव्हती. त्या वासाचं बनुबाईपुढं नाव नको, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ती चुलीपाशी पाठ करून बसली.

बनुबाईनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली.

"आक्का," तिनं सगळ्यांदेखत हाक मारली, "हिंग इसरला व्हय आज? त्याबिगर तुमची आमटी लागत न्हाई."

आक्काबाई उठली. मग तिनं उतरंडीवरनं डबी काढली, पळीत तेल कडत ठेवलं, हिंग टाकला. वास छबूबाईच्या खळ्यापर्यंत गेला असेल. फोडणी वाढायला ती आधी बनुबाईच्या ताटाशी आली, आणि डोळ्यांत धूर गेला असं सांगून तिनं तोंड वळवलं.

"खा," ती म्हणाली. "एवढं तरी तुला येत न्हाई."

"न्हाई येत," बनुबाई म्हणाली आणि ताट पुढं केलं.