एस्तरबाईंचा शनिवार

सन दोन हजार चोवीसचा हिवाळा. कापसाची दुसरी वेचणी चालू होती, तेव्हा एस्तरबाई गेल्या. ढाणकीत माझी पिठाची चक्की आहे आणि चक्कीला लागून बाईंचं घर. दळण होईपर्यंत माणसं बाकावर बसतात, बोलतात. पीठ ज्याचं त्याच्या डब्यात जातं, बोलणं माझ्याकडे राहतं. त्यातलं बाईंचं तेवढं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. लांबवून सांगता येत नाही.

*

बाई ज्यू. लग्न होऊन कोकणातून इकडे आल्या आणि शाळेत शिकवू लागल्या. गावात त्यांचं एकच घर. शुक्रवारी दिवस मावळता दिवा लावायच्या. तिथून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत काम नाही, चूल नाही, कुठे जाणं नाही. शनिवारची शाळाही नाही! संस्थेच्या अध्यक्षांनी अट घातली, तास भरून द्या. बाईंनी ते रविवारी घेतले.

कृषी केंद्रवाला बबन त्याच वर्गातला. अजून बाकावर बसून म्हणतो, "बाईच्या देवानं सातव्या दिवशी आराम केला. आमाले मात्र कोनत्याच दिवशी नाई करू देला!"

*

उन्हाळ्याच्या तोंडी त्यांचा एक सण यायचा. त्या दिवसांत आंबवलेलं चालत नाही. बाई गहू घेऊन यायच्या. "नामदेवराव, आधी चक्की झाडा. जुन्या पिठाचा कण नको, पाण्याचा थेंब नको."

पहिल्या वर्षी मला राग आला. "बाई, माह्या चक्कीत घान हाय काय?"

बाई शाळेत शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की वऱ्हाडीवर यायच्या. "चक्की चांगली हाय म्हनूनच आली ना! कायले भांडून राह्यले?"

मी चक्कीचे दगडी पाटे उघडून ब्रशने साफ केले. पुढे दर वर्षी बाईंच्या मागोमाग मी घरचे गहू दळून घ्यायचो. इतकी स्वच्छ चक्की वर्षात परत मिळत नव्हती. बाईंना हे कधी सांगितलं नाही.

*

बाईंचा नातू इस्राएलला स्थायिक झाला. व्हिडिओ कॉलवर मागे लागायचा. "आजी, इकडे ये. इथे शनिवारी सगळं शहर बंद असतं!"

बाई म्हणाल्या, "मग मजा काय? इथे मी एकटी बंद असते, तर गाव विचारतं तरी."

*

घरात काही चांगलं घडलं की बाई मलिदा करायच्या. पोह्यांत गूळ, खोबरं, वर फळं. सगळी गल्ली जायची. मला दर वेळी बोलावणं. माझं उत्तर ठरलेलं, "मी कोनाच्या घरी खात नाई."

मग ताट चक्कीवर यायचं. माझी बायको सिंधू ते पुढ्यात ओढायची. "तुमी नकाच खाऊ. मले जास्त येते!"

दोघीही हसायच्या. मी चक्कीचा पट्टा बघत बसायचो. आता बोलावणारी नाही आणि ताट ओढणारीही नाही. मलिद्याची चव मला माहीत नाही ती नाहीच.

*

सिंधू गेली ती कोरोनाच्या उन्हाळ्यात. गेली हृदयविकाराने, पण कोण ऐकतो! गल्लीची दारं लागली. लाकडं बघायची, गाडी बघायची, आणि घरात तिच्याजवळ कोणी नाही. मी उंबऱ्यात नुसता उभा.

बाई आल्या. तोंडाला मास्क, हातात घरची लाकडी खुर्ची. सिंधूच्या उशाशी खुर्ची मांडून बसल्या.

मी म्हटलं, "बाई, घरी जा. तुमचं वय झालं."

"आमच्यात मयताला एकटं ठेवत नाहीत."

"ते तुमच्यातली नाई."

"शेजारची तर आहे? जा तुम्ही, गाडी बघा."

मी गेलो. परत आलो तेव्हा बाई तशाच बसून होत्या. गाडी हलली, तेव्हा खुर्ची उचलून त्या घरी गेल्या. त्यांच्यापाशी एक शब्द बोलायचा होता. आज बोलू, उद्या बोलू, करता करता राहिला.

*

बाई गेल्या त्या शुक्रवारी, दिवा लावून. नातवाचा फोन आला. विमान मिळालं, पण पोचायला रविवार.

शनिवारी सकाळी गल्ली जमली. बबन बांबू घेऊन आला. बाईंच्या यजमानांना त्यांच्या शेताच्या बांधावर पुरलं होतं. त्यांच्या शेजारी खड्डा खणायला माणसंही निघाली. सगळ्यांना घाई. "आटपा लवकर, माती थांबवून ठेवू नये."

मी दारात आडवा झालो. "बांबू खाली ठेव."

"काहून भाऊ?"

"आज शनिवार हाय. बाई आज कोठीच जात नाई."

बबनने बांबू भिंतीला लावले.

मी चक्कीला कुलूप घातलं. गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी होती, ती परत गेली. बाईंची ती लाकडी खुर्ची त्यांच्या उशाशी ओढली आणि बसलो.

दुपारी बबन आला. "भाऊ, घरी जा. तुमचं वय झालं. आमी बसतो."

मी उठलो नाही.

रविवारी सकाळी नातू दारात आला, बॅग खाली ठेवली. तेव्हा उठलो आणि खुर्ची त्याला दिली.